पेट्रोल कुठं घालावं: बेळगाव, चंदगड की गोवा?

बेळगावात घर, चंदगडला पाहुणे आणि गोव्यात काम, अशी ज्यांची वाटणी झालीय त्यांना हा प्रश्न पडतोच. तास-दोन तासांच्या अंतरात तीन राज्यांचे तीन दर आहेत. कुवेतला पेट्रोल किती स्वस्त आणि आपल्याकडं किती महाग, असले तक्ते व्हॉट्सअॅपवर फिरतात. मी ते आवडीनं वाचतो. नॉर्वेसारखा देश स्वतः तेल काढून स्वतःच्याच लोकांना करापायी महाग विकतो, हे त्यातूनच कळतं. पण आपल्याला ठरवायचंय ते एवढंच, की टाकी हद्दीजवळच्या बाची गावाच्या अलीकडं भरायची की पलीकडं.

पेट्रोल-डिझेल 2017 साली जीएसटीच्या बाहेर राहिलं, म्हणून हा खेळ अजून चालू आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क तिन्हीकडं सारखंच. फरक पडतो तो राज्याच्या करानं, आणि तो कर केंद्राच्या शुल्कावरही लागतो. दर बदलत असतात, तेव्हा खालचे आकडे 2025 च्या मध्याचे धरा.

पेट्रोलवर कर्नाटकाचा विक्रीकर 29.84 टक्के. महाराष्ट्राचा 25 टक्के, वर लिटरमागं 5 रुपये 12 पैसे. गोव्याचा साधारण 22. पंपावर त्याचं रूप असं: बेळगावात 103 च्या आसपास, चंदगडसह कोल्हापूर जिल्ह्यात रुपया-दीड रुपया जास्त, आणि गोव्यात 96-97.

महाराष्ट्राचे ते 5 रुपये 12 पैसे जरा नीट बघा. टक्केवारी कच्च्या तेलाबरोबर वर-खाली होते, ही रक्कम जागची हलत नाही. म्हणजे तेल स्वस्त झालं की चंदगडचं पेट्रोल बेळगावपेक्षा आणखी महाग वाटणार, आणि तेल भडकलं की अंतर मिटत जाणार. मी कागदावर मांडून पाहिलं, तर राज्याचा कर लागायच्या आधीचा दर 106 रुपयांच्या घरात गेला की दोन्ही पंप एकाच आकड्यावर येतात. 2025 च्या मध्याला तो 80 च्या खाली होता, त्यामुळं तेव्हा तरी तसं होईलसं वाटत नव्हतं.

थोडक्यात, पेट्रोलवाल्यानं चंदगडकडं मुद्दाम जायचं काही कारण नाही. तिकडं राहणाऱ्यानं बेळगावला बाजाराला आल्यावर टाकी भरून जावी, आणि बरेच जण तसंच करतात. नोव्हेंबर 2021 ला तर कर्नाटकानं एकदम 7 रुपये उतरवले आणि महाराष्ट्रानं लगेच काही केलं नाही. तेव्हा लिटरमागं नऊ-साडेनऊ रुपयांचा फरक पडला होता. हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरच्या एमएच-09 च्या गाड्या कर्नाटकातल्या निपाणीकडं वळायच्या आणि आमच्या इकडचे पंपवाले खुशीत असायचे.

डिझेलवाल्यांसाठी मात्र ते दिवस संपले. जून 2024 ला कर्नाटकानं डिझेलवरचा कर 14.34 वरून 18.44 टक्क्यांवर नेला आणि एप्रिल 2025 ला 21.17 वर. महाराष्ट्राचा तेव्हा 21 होता. 2025 च्या मध्याला दोन्हीकडं 91 च्या आगंमागं, फरक पैशांत मोजायचा. ट्रॅक्टरवाल्यांनी आणि वडापवाल्यांनी जवळचा पंप आणि उधारी देणारा मालक बघावा, राज्य बघू नये.

राहिला गोवा. आकड्यांत त्याच्याशी कोणाची बरोबरी नाही. पर्रीकरांनी 2012 ला पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. ती चैन आता नाही, तरी लिटरमागं सहा रुपये वाचतात आणि डिझेलवरही दोन-अडीच. टाकीत 30 लिटर गेलं तर 180 रुपये हातात राहतात. फक्त पेट्रोलसाठी चोर्ला घाट उतरून परत येणं हा वेडेपणा, कारण जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरला त्याच्या कितीतरी पट जळतं. पण ज्याची फेरी तशीही ठरलेली असते, त्याला हे पैसे फुकटचेच. माझी फेरी ठरलेली असते, म्हणून बरीच वर्षं मी गोव्याच्याच बाजूचा होतो.

माझं मन फिरवलं त्या रिझर्व्हच्या दिव्यानं. गोव्यात 30 लिटर घ्यायचं तर तिथं टाकी रिकामी घेऊन पोचायला हवं. म्हणजे बेळगावातून निघताना मोजूनमापून पेट्रोल घालायचं, जांबोटी मागं टाकायची आणि कणकुंबीच्या आसपास तो पिवळा दिवा लागला की तोंड बंद ठेवायचं. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा उशिरा दिसतो. खड्डे चुकवत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते आणि पेट्रोलचा हिशेब तिथंच चुकतो. एसी बंद करायचा, काच खाली घ्यायची, मग पाऊस आत. शेजारी बसलेली बायको काही बोलत नाही, नुसती काट्याकडं बघते आणि मग बाहेर बघते. घाटाखालचं केरी येईपर्यंत गाडीत कोणी गाणं लावा म्हणत नाही. घाटात कुठं दरड आली किंवा एखादा ट्रक आडवा झाला, तर तासभर इंजिन चालू-बंद करत बसायचं ते वेगळंच.

एवढं करून रविवारी संध्याकाळी गोव्यातल्या साखळी गावाकडच्या पंपावर यावं, तर पुढं बेळगावच्याच केए-22 च्या गाड्यांची रांग. सगळ्यांनी तोच हिशेब केलेला असतो. अंधाराच्या आत घाट चढायचा असतो आणि पुढचा माणूस आधी हवा तपासून घेतो, मग सुट्टे पैसे शोधतो. त्या वेळी 180 रुपये फार लहान दिसायला लागतात, निदान मला तरी.

काही जण कॅन घेऊन जातात आणि भरून डिकीत ठेवतात. बंद गाडीत पेट्रोलचा वास घेत घाट चढणं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हीही त्या फंदात पडू नये, एवढंच म्हणतो.

म्हणून हल्ली मी घराजवळच्याच पंपावर पेट्रोल घालतो. पोऱ्या ओळखीचा आहे, झिरो दाखवल्याशिवाय नोझल हातात घेत नाही, आणि गाडी सुटल्यावर काट्याचा विचार डोक्यात येत नाही. महिन्याकाठी थोडे जास्त जातात, हे कबूल. ज्याची गाडी भाड्यानं चालते आणि रोज गोव्याला उतरते त्याचं गणित वेगळं असेल. त्याला घाटाची सवय असते आणि वर्षाकाठी वाचणारी रक्कमही खासी होते. त्यानं गोवा सोडू नये.

बाकीच्यांसाठी मधला मार्ग आहे. बेळगावातून निघताना निदान अर्धी टाकी करा आणि उरलेली अर्धी गोव्यात भरा. तीही सकाळी उतरल्या उतरल्या, परतताना नको. वाचणारे पैसे निम्मे होतील, पण दिवा लागत नाही. आणि चोर्ल्याऐवजी अनमोड घाटानं जात असाल तर खानापुरातच काय ते बघून घ्या, पुढं जंगल आहे.