पहिला प्रोब कोणता घ्यावा: कॉन्व्हेक्स की लिनिअर?

गणपतीत लालबागला मिरवणुकीपासून चार इमारती आत बसलं, की ढोल छातीत वाजतो आणि ताशा मात्र ऐकूच येत नाही. 'पैसे एकाच प्रोबचे आहेत, कोणता घेऊ?' असं विचारणाऱ्या, सोनोग्राफी मशीन घेणाऱ्या डॉक्टरांना मी आधी हेच सांगते. प्रोब म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, तो आवाज आत सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. कॉन्व्हेक्सचं तोंड बाकदार, लिनिअरचं सरळ. कॉन्व्हेक्स म्हणजे खोलवर पोचणारा ढोल, लिनिअर म्हणजे वाटेतच विरणारा ताशा.

कॉन्व्हेक्स साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झवर (सेकंदाला तितके दशलक्ष कंप) चालतो, लिनिअर ७ ते १२च्या आसपास. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग दोघांचाही तोच, सेकंदाला सुमारे १५४० मीटर. त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर येते, १० मेगाहर्ट्झला ०.१५. लाट जितकी आखूड, तितके खालीवर चिकटून असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. थायरॉइडची बारीक गाठ, मनगटातला स्नायुबंध, सुई शिरताना दिसणारी शीर, इथे लिनिअरला तोड नाही.

पण ती आखूड लाट लवकर मरते. दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल जातो; दहा डेसिबल गेले की आवाजाची ताकद दहावा हिस्सा उरते. आणि आवाजाला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे वाट दुप्पट. १५ सेंटिमीटर खोलवरच्या यकृताचा हिशेब करा. ३.५ मेगाहर्ट्झला सुमारे ५२ डेसिबल घटतात, म्हणजे लाखातला एखादा अंशही धड परत येत नाही, तरी मशीन तेवढ्यावर चित्र काढतं. १० मेगाहर्ट्झला घट १५० डेसिबलची. एकापुढे पंधरा शून्यं, त्यातला एक अंश! 'गेन, म्हणजे परत आलेला आवाज मोठा करायचं बटण, वाढवू की,' असं कोणीतरी म्हणतंच. वाढवा, जो आवाज आलाच नाही तो वाढणार कुठून? पडद्यावर नुसती खरखर वाढते.

चित्राचा आकारही वेगळा. लिनिअर स्वतःच्या रुंदीएवढंच, चौकोनी चित्र दाखवतो. कॉन्व्हेक्सचं चित्र पंख्यासारखं खाली पसरतं, अख्खं मूत्रपिंड एका नजरेत येतं. कातडीलगतचं मात्र धूसर. हाडापुढे आणि हवेपुढे दोघेही हतबल. जेल दोघांनाही लागतं, आणि वडापाव खाऊन आलेल्या पेशंटच्या पोटातला वायू दोघांनाही सारखाच छळतो.

पोटाचे आणि गरोदर पेशंट जास्त येत असतील तर डोळे झाकून कॉन्व्हेक्स. भूल देताना नस शोधायची असेल किंवा मानेचं, सांध्यांचं काम असेल, तरच आधी लिनिअर. प्रोब कुठलाही घ्या, १९९४च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालची नोंदणी आधी, मशीन नंतर.

डेमोला आलेला कंपनीचा माणूस हमखास स्वतःच्या मानेवर लिनिअर टेकवतो. मान दोन-तीन सेंटिमीटरचं काम, तिथे चित्र सुरेखच दिसणार. त्याला म्हणावं, आमच्या कंपाउंडरच्या सुटलेल्या पोटातून उजवं मूत्रपिंड दाखव.