हिब्याच्या नावाखाली आमचे १,६९,६०० रुपये गेले

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. कारण एकच, लाज. मी शाळेत शिकवते, घरातले सगळे कागद मीच बघते आणि वारशाचे कागद करून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला अब्बांसमोर मीच आणून बसवलं.

आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. ज्यांच्या घरी फक्त मुली आहेत त्यांना बाप गेल्यानंतरच्या वारशाचा शरीयतचा हिशेब पाठ असतो. अम्मीला आठवा हिस्सा, आम्हा तिघींना मिळून दोन तृतीयांश, उरलेलं चाचांना. चोवीस हिस्से केले तर अम्मीचे ३, आमचे १६, चाचांचे ५. अब्बांनी जहाजावरच्या नोकरीत पै पै साठवून घेतलेला ठाणे जिल्ह्यातला फ्लॅट ३६ लाखांचा धरला, तर चाचांचे साडेसात लाख. चाचांचा हा हक्क कुराणातून आलेला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हयात असताना आपल्या कमाईचं काय करायचं हे माणूस स्वतः ठरवू शकतो, हेही शरीयतच सांगते. गावचं घर होतं तसं राहू द्यायचं आणि फ्लॅट तिघी मुलींना हिबा करायचा, म्हणजे हयातीतच बक्षीस द्यायचा, एवढीच अब्बांची इच्छा होती. आम्ही चोरून काहीही करत नव्हतो. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर जमातीत तसं बोललं गेलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जुम्म्याच्या नमाजनंतर एका हॉलमध्ये या माणसाचं ‘मीरास मार्गदर्शन’, म्हणजे वारसाहक्काचं मार्गदर्शन, होतं. वारसांची नावं टाकली की त्याच्या लॅपटॉपवर हिस्से दिसायचे. कुराणातल्या सूरह निसाच्या आयती तोंडपाठ. आमचा २४ चा हिशेब त्याने अचूक काढला आणि तिथेच मी फसले. हिशेब बरोबर, म्हणजे माणूसही बरोबर, असं धरून चालले.

हिशेबाचे ५,१०० घेतले. मग ‘शरीयत वसीयतनामा’, म्हणजे मृत्युपत्र, ३८,००० चा, हे पैसे मी माझ्या फोनवरून पाठवले. मग हिब्याची नोंदणी आणि मुद्रांक म्हणून १,२६,५००, तेही रोख, कारण म्हणे मुद्रांक शुल्क रोखच लागतं. हे साफ खोटं. मुद्रांक शुल्काचं चलन ऑनलाइन निघतं आणि त्यावर नंबर असतो. शिवाय रहिवासी घर मुलामुलींना बक्षीस द्यायचं तर तेव्हा महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये होतं. दोनशे! वरचा स्थानिक अधिभार धरूनही त्याने सांगितलेला आकडा होत नव्हता. पण दोन्ही कशाला, वसीयत आणि हिबा, असं विचारल्यावर तो म्हणाला, “दुहेरी संरक्षण, ताई.”

त्या वसीयतनाम्यात सगळं तिघी मुलींना लिहिलेलं होतं. आमच्या सुन्नी कायद्यात वसीयत फार तर एक तृतीयांशाची होते आणि तीही वारसाच्या नावे केली तर बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती द्यावी लागते. आम्ही मुली वारसच आहोत. म्हणजे चाचा हो म्हणाले नाहीत, तर तो कागद लिहिला त्या दिवसापासून निकामी होता. नंतर आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या वकीलबाईंनी तो चार मिनिटांत वाचून बाजूला ठेवला. ३८,००० रुपये, चार मिनिटं.

आता जे लिहिते आहे ते रोज रात्री आठवतं. एप्रिल २०२२, रमजान नुकता सुरू झाला होता. असरच्या नमाजनंतर तो गावच्या घरी आला. शिक्के आधीच मारलेले, नोटरीचा लाल आणि शेजारी ‘काझी’ लिहिलेला हिरवा. लकव्यानंतर अब्बांचा उजवा हात कापायचा. रोजा असताना चार पानांवर सह्या करायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी पॅड धरून बसले होते. शेवटची सही झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, “तुझ्या घराच्या वेळी माझासुद्धा फोटो काढला होता, अंगठा घेतला होता. आज का नाही?”

२०१६ मध्ये मी माझं घर घेतलं तेव्हा ओळख पटवायला अब्बाच दुय्यम निबंधक कार्यालयात आले होते. ते कॅमेऱ्यासमोरचं स्टूल, अंगठ्याचं यंत्र, सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मी म्हणाले, “अब्बा, आता सगळं ऑनलाइन झालंय.” तो माणूस काही बोललाच नाही, त्याचं काम मीच केलं. आजारी बापाला कळलं ते मला कळलं नाही. माझ्या बाजूने इतकंच सांगते की अब्बांना पुन्हा प्रवास घडवायचा नव्हता आणि त्याने नेमकं तेच हेरलं होतं.

मार्च २०२३ मध्ये केरळची बातमी आली. तीन मुली असलेल्या एका मुस्लिम जोडप्याने मुलींना सगळं मिळावं म्हणून विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं होतं. अब्बांनी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, “आपलं काम तर झालंय.” नोव्हेंबरमध्ये ते गेले.

चाळीसावा झाल्यावर फ्लॅट आमच्या नावावर करायला आम्ही सोसायटीत गेलो. सेक्रेटरींनी दस्त क्रमांक मागितला. नव्हताच. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागितला. तोही नव्हता. मग वकीलबाईंनी सांगितलं ते जास्त लागलं. मुस्लिम हिब्याला नोंदणी नसली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीझा बीबी प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे. तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं. त्यांनी अब्बांचं पासबुक उघडून दर महिन्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. भाडं ११,०००, अब्बांच्याच खात्यात, शेवटच्या महिन्यापर्यंत. फ्लॅट भाड्याने होता. भाडेकरूला “यापुढे भाडं मुलींना द्या” असं एक पत्र दिलं असतं, भाडं आमच्या खात्यात वळवलं असतं, तर ताबा दिल्याचं दाखवता आलं असतं. आम्ही त्याला विचारलं होतं. “ताबा कागदावर लिहिलाय, भाडं राहू दे बाबांकडे, म्हातारपणी लागतं,” असं तो म्हणाला होता. आणि आम्हाला तो किती भला वाटला होता!

पोलिसांचं काय सांगू. फ्लॅट एका हद्दीत, सह्या दुसऱ्या, त्याचं ऑफिस तिसऱ्या. तिन्ही ठाण्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. एका अधिकाऱ्याने अर्ज न वाचता सांगितलं, “हा तुमचा घरगुती दिवाणी मामला आहे.” कसला घरगुती? आम्ही चाचांविरुद्ध गेलोच नव्हतो, पैसे घेऊन खोटी पावती देणाऱ्याविरुद्ध गेलो होतो. दुसरीकडे विचारलं, “फी दिली, कागद मिळाला, मग फसवणूक कुठे?” तिसरीकडे अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. “तुमच्या लोकांचं तुमच्यात मिटवा,” हेही ऐकून घेतलं. मी या देशाची नागरिक आहे, सरकारी शिक्का खोटा भासवून माझे पैसे लुबाडले गेले आणि मला माझ्या ‘लोकांकडे’ पाठवतात! जानेवारी ते मे २०२४, सात खेपा, शाळेच्या सात रजा. तेवढ्यात एप्रिल उलटला आणि ग्राहक आयोगात जायची दोन वर्षांची मुदत हातातून गेली. आता विलंब माफीचा अर्ज जोडून तक्रार दाखल केली आहे. त्याचं काय होईल ते होईल, पण ते महिने मी नाही, त्यांनी घालवले. जमातीच्या कमिटीनेही “दीनदार माणूस आहे, बदनामी नको” म्हणून हात झटकले.

पोचेशिवाय कुठेही अर्ज सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, हे मला फार उशिरा सुचलं.

बायांनो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने आपल्याला मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत. मला हे पाचव्या महिन्यात कळलं. हिरव्या शिक्क्याला भुलू नका. १८८० च्या काझी कायद्यानेच सांगितलं आहे की नेमणुकीमुळे काझींना कसलेही न्यायालयीन किंवा प्रशासकीय अधिकार मिळत नाहीत. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे मालकी मिळाली असंही नाही, नॉमिनीने वारसांना त्यांचे हिस्से द्यावेच लागतात. आणि हिबा करायचा तर ताब्याचा पुरावा त्याच महिन्यापासून तयार करा: भाडं, मेंटेनन्स, घरपट्टी, वीजबिल, सगळं घेणाऱ्याच्या नावाने.

चाचांशी बोलणं झालं. ते म्हणाले, “हिस्सा सोडणार नाही, पण घाईही करणार नाही.” त्यांचं चूक नाही. अम्मी मात्र अजून ती हिरव्या शिक्क्याची फाईल कपाटात अब्बांच्या टोपीखाली ठेवते. टाकू देत नाही.

गेल्या आठवड्यात मामेबहिणीने फोनवर एक पत्रक पाठवलं. तेच ‘मीरास मार्गदर्शन’, तोच माणूस, दुसरं गाव, हिशेबाची फी आता ६,५००. खाली तिने लिहिलं होतं, “आपा, तू याच्याकडूनच केलं होतंस ना? आम्हालाही दोन मुलीच आहेत.” मी वर्ग सोडून बाहेर आले आणि तिला तिथूनच फोन लावला.