मणिमहेश की गोसाईंकुंड? ओल्या रजईने दिलेला कौल

मानसरोवरचा खर्च झेपत नसेल आणि सोडतीत नाव लागायची वाट बघवत नसेल, तर महादेवाच्या उंचावरच्या तळ्यांपैकी यादीत शेवटी बहुधा दोनच नावं उरतात: हिमाचलच्या चंबा जिल्ह्यातलं मणिमहेश आणि नेपाळमधल्या रसुवा जिल्ह्यातलं गोसाईंकुंड. दोन्हीकडे जाऊन आलोय. श्रेष्ठ कोण, हा वाद भोलेनाथाने मिटवावा. प्रश्न एवढाच, की रजा एकदाच मिळणार असेल तर कुठे खर्च करायची.

आधी तिथी बघा. मणिमहेशची यात्रा जन्माष्टमी ते राधाष्टमी, आणि मोठं स्नान राधाष्टमीला. म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी. आपल्याकडे तेव्हा गणपती बसलेले, गौरी आलेल्या किंवा यायच्या बेतात. ज्यांच्या घरी हे सगळं असतं त्यांनी मोठ्या स्नानाचं नावच काढू नये. गोसाईंकुंडची जत्रा जनै पूर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला. इकडे श्रावणी करून जानवं बदलतात, तिकडे कुंडात बुडी मारून.

जत्रेच्या माहोलात मणिमहेश सरस, यात वाद नाही. आधी भरमौरला भरमाणी मातेचं दर्शन, चौरासी मंदिरं, मग हडसरपासून तेरा किलोमीटरची चढण. वाटेत लंगरवाले हात धरून जेवायला बसवतात. तिथली मेंढपाळ गद्दी कुटुंबं म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट चढत असतात आणि आपल्याला दम लागलेला बघून हसतात. वर तळ्यासमोर 5653 मीटरचा मणिमहेश कैलास, अर्थात ढग हटले तर. गोसाईंकुंडला असं शिखर समोर उभं नाही. तिथे कथा आहे: हलाहल प्यायल्यावर शंकराने त्रिशूळ मारून पाणी काढलं, तीच त्रिशूली नदी. पाण्याखालची शिळा निजलेल्या शंकरासारखी दिसते म्हणतात. शेजारच्यांना दिसली, मला नाही.

मग पारडं झुकलं कशाने? खरं सांगायचं तर रजईने.

मणिमहेशला तळ्यापाशी जी वस्ती उभी राहते ती यात्रेपुरती, आणि यात्रा ऐन पावसात. ताडपत्रीचे तंबू, भाड्याच्या रजया. त्या रजयांना कित्येक दिवस ऊन लागलेलं नसतं. आत शिरलं की आधी गार, मग दमट आणि मग नुसताच वास. चार हजार मीटरवर श्वास तसाही पुरत नाही, त्यात तोंडावर रजई घेतली तर गुदमरायला होतं आणि काढली तर नाक गोठतं. मोजे ओले, उशाची पिशवी ओली. ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत पडलो होतो, पण मनात कोरड्या सतरंजीशिवाय दुसरं काही नव्हतं. पहाटे बर्फगार पाण्यात उतरणं ही त्यातल्या त्यात सुटका वाटली. पाठ टेकताच घोरणारेही तिथे भरपूर होते, तेव्हा हा माझ्या हाडांचाही दोष असेल.

गोसाईंकुंडच्या वाटेवर चंदनबारी, लौरीबिना आणि थेट कुंडाकाठी दगडी-लाकडी लॉज आहेत. जेवणाच्या खोलीत बंब पेटलेला, वर दोरीवर सगळ्यांचे मोजे. मुख्य म्हणजे पाऊस सरल्यावरही ते चालू असतात, त्यामुळे जत्रा टाळून कार्तिकात जाता येतं. रजई उन्हं खाल्लेली मिळते आणि लौरीबिनाहून लांगटांग, मनास्लू, गणेश हिमाल ही शिखरं स्वच्छ दिसतात. पावसाचा धोकाही टळतो. ऑगस्ट 2025 मध्ये चंब्याचे रस्ते वाहून गेले, यात्रा थांबवावी लागली आणि हजारो लोक भरमौरला अडकले. नेपाळचे रस्ते पावसाळ्यात काही वेगळे वागत नाहीत, पण तिथे पावसाळ्यातच जायची सक्ती नाही.

गोसाईंकुंडचीही खोड आहे. जिथून पायी चढण सुरू होते ते धुंचे दोन हजार मीटरच्या आसपास आणि कुंड 4380 वर, त्यामुळे घाई केली की डोकं धरतं. जत्रेत हिमालयन रेस्क्यू असोसिएशन तिथे तात्पुरता दवाखाना थाटते, तो उगाच नाही. चंदनबारी आणि लौरीबिना, दोन्हीकडे मुक्काम कराच. काठमांडूच्या माछापोखरीहून सुटणारी बस मणके मोजून घेते. दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या गर्दीत तर तिच्या वाटेला जाऊ नका. लंगरही नाही, दालभातापासून मोबाईल चार्ज करण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात.

गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील, तर मात्र मणिमहेशच बरं. यात्रेच्या दिवसांत भरमौरहून गौरीकुंडापर्यंत हेलिकॉप्टर असतं आणि तिथून तळं जवळ. स्वतःच्या पायांनी जाणार असाल आणि दिवाळी आटोपल्यावर रजा मिळत असेल, तर मी तरी काठमांडूचं तिकीट काढेन. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही.