भेग बुजवायची की पाया उकरायचा? काळ्या मातीवरच्या घरासाठी तुलना

भिंतीला भेग दिसली की दोन सल्ले आधी येतात. गवंडी म्हणतो, पुट्टी मारून घेऊ. शेजारी म्हणतात, पाया खचला. बहुतेक वेळा दोघांनीही भेग नीट पाहिलेली नसते. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवर बांधलेल्या बैठ्या घराला कधी ना कधी भेग पडतेच, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे भेग पडली की नाही यापेक्षा ती कुठे पडली आणि अजून हलतेय का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

गिलाव्याची चीर की भिंतीचा तडा

भेगेवरचा गिलावा तळहाताएवढ्या जागेत छिन्नीने विटेपर्यंत काढा. आतल्या विटा आणि दर्जा (विटांमधले मसाल्याचे सांधे) अखंड असतील तर ती गिलाव्याची चीर. सिमेंट जास्त पडलं किंवा पाणी कमी मारलं की गिलावा जाळीसारखा फुटतो. टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारा भाग काढून तिथे नवा गिलावा करा आणि सात दिवस पाणी मारा, काम संपलं. वीटच फुटलेली असेल, किंवा भेग दर्जातून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत असेल, तर मात्र पुढचं सगळं वाचा.

रुंदी मोजायला एटीएम कार्ड पुरतं. त्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. एक कार्ड जेमतेम शिरलं तर भेग बारीक, एकावर एक धरलेली तीन शिरली तर दोन मिलिमीटरच्या पुढे गेली. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी २५ या हस्तपुस्तिकेत एक मिमीच्या आत बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या पुढे रुंद अशी वर्गवारी आहे. पण नुसत्या रुंदीवर निर्णय घेऊ नका. कडा बोथट झालेली, आत जुना रंग आणि कोळ्याची जाळी साचलेली तीन मिमीची भेग वर्षानुवर्षं तशीच असू शकते. उलट अर्ध्या मिमीची, कडा धारदार असलेली भेग सहा महिन्यांत दीड मिमीवर गेली, तर आधी तिच्याकडे बघायला हवं.

सांध्याची भेग आणि पायाची भेग

बीमच्या खालून सरळ आडवी किंवा कॉलमच्या कडेने सरळ उभी जाणारी भेग दिसायला भयंकर असते, पण सहसा निरुपद्रवी. आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे त्यांचा सांधा सुटतो. गच्चीच्या स्लॅबखाली उमटणारी आडवी भेगही बहुधा तापलेल्या स्लॅबच्या हालचालीची असते. अशा सांध्यावर व्ही आकाराची खाच पाडून लवचिक फिलर भरा, दोन्ही बाजूंना निदान १५० मिमी जाईल अशी कोंबडी जाळी ठोका आणि वर गिलावा करा. जुन्या घराला नवी खोली जोडली असेल तर जोडावर सरळ उभी भेग येणारच, कारण जुना पाया बसून झालेला असतो आणि नवा अजून बसत असतो. तिथे सिमेंट भरून दोन्ही भिंती जखडू नका. तो सांधा मोकळाच ठेवा आणि लवचिक सीलंटने बंद करा.

पायाच्या भेगेची ओळख वेगळी. ती खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, एका टोकाला रुंद तर दुसऱ्या टोकाला निमुळती असते, भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसते आणि पुष्कळदा जोत्यापर्यंत उतरते. ती वर चढत ज्या बाजूला झुकते, ती बाजू बहुधा खाली गेलेली असते. घराचा कोपरा खचला तर भेग वरच्या टोकाला जास्त उघडते; भिंतीचा मधला भाग बसला तर खालच्या टोकाला. पडताळ्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून जोत्याची पातळी चारही कोपऱ्यांवर तपासा.

एक उन्हाळा, एक पावसाळा

काळ्या मातीत घराखालची जमीन झाकलेली असल्याने ओल धरून राहते, कडेची मात्र एप्रिल-मेमध्ये सुकून आक्रसते. कोपरे खाली जातात, भेगा उघडतात. पावसाळ्यात माती फुगली की बऱ्याचशा मिटतात. म्हणून मे महिन्यात भेग कडक सिमेंटने ठासून भरणं ही सर्वात जास्त केली जाणारी चूक आहे. पावसाळ्यात भिंतीला मागे सरकायला जागाच उरत नाही, मग भरलेल्याच्या शेजारी नवी भेग पडते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना, गिलाव्यात नव्हे तर विटेत, एकेक स्क्रू बसवा. दोन स्क्रूंमधलं अंतर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला व्हर्नियर कॅलिपरने मोजून वहीत लिहा. काचेची पट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने (वाळल्यावर कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवली तरी चालेल, पण ती तुटली तर भेग हलली एवढंच कळतं. किती हलली आणि परत आली का, हे स्क्रू सांगतात. बारा महिन्यांनी आकडा जिथे होता तिथे परतला तर ती ऋतूची हालचाल. दरवर्षी थोडी थोडी शिल्लक वाढत असेल तर पाया खरोखर बसतोय.

उपायांची तुलना

पहिला खर्च पाण्यावर करा, भेगेवर नाही. फुटका चेंबर, गळकी नहाणी, भिंतीलगतचा शोषखड्डा, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचणं, यांतलं एक जरी असेल तरी एकाच कोपऱ्याखालची माती ओली राहते आणि घर वाकडं हलतं. गळती बंद करून घराभोवती बाहेर उतार असलेली सिमेंटची पट्टी करा. काळ्या मातीत ती दोन मीटर रुंद असलेली बरी. भिंतीजवळ मोठं झाड असेल तर ते एकदम तोडू नका. मुळांनी शोषलेलं पाणी मातीत परत भरतं आणि जमीन वर उचलते.

भेग थांबली असेल आणि वीट फुटली असेल तर स्टिचिंग परवडतं. साधारण दर चार थरांनी दर्जात खाच पाडतात, सहा मिमीची पिळाची स्टेनलेस सळई भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर जाईल अशी बसवतात आणि ग्राउटने (फटीत भरायच्या मसाल्याने) बुजवतात. इपॉक्सी इंजेक्शन काँक्रीटच्या थांबलेल्या भेगेसाठी चांगलं. हलत्या भेगेत ते वाया जातं, कारण इपॉक्सी काँक्रीटपेक्षा घट्ट असतं आणि तडा शेजारून जातो. वर्षभर आत-बाहेर करणाऱ्या बारीक भेगेला पॉलियुरेथेन सीलंट पुरे.

पायाखाली नवा पाया देण्याचं काम, म्हणजे अंडरपिनिंग, सर्वात महाग आणि चुकलं तर सर्वात धोक्याचं. पाण्याचा बंदोबस्त करूनही आकडा दरवर्षी वाढत असेल आणि मुरूम आवाक्यातल्या खोलीवर लागत असेल, तरच त्याचा विचार करा. खड्डे एका वेळी एक-सव्वा मीटर लांबीचेच घ्यायचे, तेही एकाआड एक: आधी १, ३, ५, मग २, ४, ६. नवं काँक्रीट जुन्या पायाला थेट न भिडवता वर चार बोटं फट ठेवतात आणि काँक्रीट आक्रसून झाल्यावर ती न आक्रसणाऱ्या ग्राउटने ठासतात. कंत्राटदार अख्खी भिंत एकदम उकरू म्हणत असेल तर काम थांबवा.

वर्षभर थांबू नये अशा भेगा

कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभी भेग आणि तिच्यातून तांबूस डाग उतरताना दिसले, तर आतला गंज काँक्रीट फोडतोय. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे जास्त दिसतं. तिथे पायापेक्षा सळईची चौकशी आधी. बीमवर कॉलमजवळ तिरकी भेग, ओळंब्यातून बाहेर कललेली भिंत, किंवा काही दिवसांत रुंदावलेली भेग आणि त्याच सुमारास अडकू लागलेलं दार, यांतलं काहीही दिसलं तर ती खोली रिकामी करा, टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. बाकीच्या भेगांसाठी त्याला बोलवाल तेव्हा वर्षाची वही, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचा कच्चा नकाशा आणि पाया किती खोल आहे हे दाखवणारा एक उकरलेला खड्डा तयार ठेवा.