जांभळं सिमेंट, शून्य नायट्रेट आणि माझे ६७,६५० रुपये

आकडा आधी सांगून टाकतो, नातेवाइकांना अजून नीट सांगितलेला नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर माझा एकूण खर्च झाला १,२३,१५० रुपये. त्यातले टाकी, स्टँड आणि संपचे (टाकीखालची पाणी गाळायची छोटी टाकी) ३१,००० आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), एलईडी, पंपांचे २४,५०० मी धरत नाही, कारण त्या वस्तू घरात आहेत आणि चालतातही. उरलेले ६७,६५० मात्र सरळसरळ लुबाडलेले आहेत.

ही टाकी बसवून द्यायला आलेला माणूस कसा भेटला, गोड कसा बोलला, ॲडव्हान्स कसा घेतला, हे सगळं सांगत बसत नाही. ते सगळ्यांच्या बाबतीत सारखंच असतं. व्हॉट्सॲप स्टेटसला सुंदर टाक्यांचे फोटो, 'रीफ कन्सल्टंट' (रीफ म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) असं छापलेलं कार्ड, आणि 'सर, तुम्ही फक्त बघत बसा, पाण्याचं टेन्शन माझं' हे वाक्य. आमच्या धायरीच्या घरी आला तेव्हा बूट बाहेर काढले, आईला नमस्कार केला, चहा बिनसाखरेचा मागितला. असा माणूस बघून तुम्ही काय आधार कार्ड मागाल?

आणि मी काही अगदीच नवखा नव्हतो. गोड्या पाण्यातले मासे मी कॉलेजपासून पाळतोय. टाकी सायकल करायची म्हणजे काय, हे मला पाठ आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं त्यामानानं निरुपद्रवी, ते पाणी बदलून कमी करायचं. हे जिवाणू दगडावर, वाळूवर वसायला खाऱ्या पाण्यात सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. हे माहीत असूनही त्याच्या 'आठ दिवसांत मासे, लेखी गॅरंटी'वर विश्वास ठेवला, कारण त्याचं स्पष्टीकरण चुकीचं नव्हतं. चांगला लाइव्ह रॉक, म्हणजे आधीच जिवाणू वसलेला दगड, ओलाच आणून टाकला तर सायकल खरोखर लवकर उरकते. हे कुठल्याही जाणकाराला विचारा. खोटं होतं ते त्याचं शास्त्र नव्हे, त्याचा दगड.

त्याचं बिल असं होतं: 'लाइव्ह रॉक' २५ किलो, ६५० रुपये किलोनं १६,२५०. 'लाइव्ह सँड' ४,८००. मिठाची २० किलोची बादली ७,२००. जिवाणूंच्या दोन बाटल्या ३,८००. 'सायकलिंग सर्व्हिस' ९,०००. हे बिल म्हणजे लेटरपॅडवर पेनानं लिहिलेला कागद. जीएसटी नंबर नाही, सही वाचता येत नाही. 'पक्कं बिल घेतलंत तर अठरा टक्के वाढतील, सर' म्हणाला. पुण्यात हे वाक्य ऐकून पक्कं बिल मागणारा माणूस मला दाखवा. तरी सांगतो, मागा. पुढे प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो.

मिठाचा हिशोब मी नंतर केला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार. माझ्या तीन फुटी टाकीत दगड-वाळू धरून १७० लिटर पाणी बसतं. म्हणजे लागलं फार तर साडेसहा किलो मीठ. बादली २० किलोची, आणि उरलेली बादली तो 'दमट हवेत गठ्ठा होईल, माझ्याकडे एसीत ठेवतो' म्हणून घेऊन गेला. पैसे मी भरलेले, मीठ त्याच्या एसीत! पाणी 'आरओ-डीआय'चं, म्हणजे सगळे क्षार काढून शुद्ध केलेलं, म्हणून आणलेले वीस लिटरचे जार. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर साडेतीनशे रुपयांना मिळतो, तो आधी घ्या आणि जारात बुडवा. डीआयमधून आलेलं पाणी शून्य दाखवतं. शून्याच्या आसपास नाही, शून्य.

आता ती संध्याकाळ. आठवा दिवस. तो टेस्ट किट घेऊन आला, दिवाणखान्यातल्या टीपॉयवर तीन काचेच्या नळ्या मांडल्या, थेंब मोजून टाकले, घड्याळ लावून बसला. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची आकाशी, म्हणजे शून्य. नायट्रेटची नळी पिवळी, तीही शून्य. 'बघा सर, सगळं झीरो! एवढं स्वच्छ पाणी समुद्रातपण नाही.'

माझी मुलगी तिथं बसली होती. शाळेत नायट्रोजनचं चक्र नुकतंच झालेलं. ती म्हणाली, 'बाबा, पण मग नायट्रेट कुठं गेलं?'

एवढाच प्रश्न. सायकल झाली असेल तर अमोनियाचं शेवटी काहीतरी व्हायला हवं ना? नायट्रेट दिसायलाच हवं. तिन्ही शून्य याचा अर्थ सायकल पूर्ण झाली असा होत नाही, सायकल सुरूच झाली नाही असा होतो. टाकीत अमोनिया कधी पडलाच नाही, जिवाणू कधी वसलेच नाहीत, नुसतं मीठ विरघळवलेलं पाणी होतं ते. कुणीही बादलीत मीठ कालवून ही चाचणी केली तरी तिन्ही नळ्या याच रंगाच्या येतील. आणि हे मला माहीत होतं! गोड्या पाण्यात मी हे स्वतः केलंय. पण तो एका क्षणाचाही विचार न करता म्हणाला, 'नायट्रेट स्किमरनं खेचलं, ताई. म्हणून तर महागडा स्किमर बसवला.' आणि मी मुलीला म्हणालो, 'काकांना काम करू दे.'

स्किमर नायट्रेट खेचत नाही. तो फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढतो, तीही नायट्रेट व्हायच्या आधीची. नायट्रेट त्याच्या हातात येतच नाही. पण समोरचा माणूस घरात बसलेला, नळ्या हातात, आवाजात खात्री, आणि ज्या स्किमरचे पैसे मी मोजलेत त्याचंच कौतुक चाललेलं. अशा वेळी भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. मुलगी अजून तो प्रश्न अधूनमधून जेवताना विचारते, मुद्दाम.

त्याच संध्याकाळी मासे आले. दोन क्लाउन २,६००, चार डॅमसेल १,६००, एक ब्लू टँग ५,४००, एक क्लीनर श्रिंप (शोभेची कोळंबी) २,८०० आणि एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) २,२००. बेरीज १४,६००. यातला ब्लू टँग तीन फुटांच्या टाकीत ठेवूच नये, त्याला सहा फुटी लागते. ॲनिमोन तर कित्येक महिने मुरलेल्या टाकीतच तग धरतो. विकणारा या दोन गोष्टी नव्या टाकीसाठी देत असेल तर बाकी काही तपासू नका, दार दाखवा.

पुढचं थोडक्यात सांगतो, लिहवत नाही. क्लाउन पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागले. ॲनिमोन विरघळला. मी स्वतःचं किट विकत आणलं तेव्हा अमोनियाची नळी गडद हिरवी आली. एकही जीव वाचला नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, 'लॉट खराब आला सर, सगळं बदलून देतो, कोचीनवरून मागवायला १२,००० टाका.' टाकले. टाकले कारण तोपर्यंत त्यानं प्रत्येक फोन उचलला होता. त्यानंतर एकही उचलला नाही.

मग दगड बाहेर काढला. खरा लाइव्ह रॉक जांभळा दिसतो तो कोरलाइन शेवाळामुळे, आणि त्याला समुद्राचा वास येतो. याला वास नव्हता. भांड्यांच्या ब्रशनं घासल्यावर जांभळा रंग बेसिनमध्ये वाहून गेला आणि खाली निघालं राखाडी सिमेंट. सिमेंटचे दगड रीफमध्ये वापरतात, त्यात गैर काही नाही, पण ते आधी कित्येक आठवडे पाण्यात मुरवून चुना काढून टाकावा लागतो. ताजं सिमेंट पाण्याचा पीएच चढवतं, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त जहरी होतो. म्हणजे याच्या दगडानं जिवाणू तर दिले नाहीतच, वर विषाची धार वाढवली. ६५० रुपये किलोनं.

आता ऐका तक्रारीची गोष्ट. चौकीतल्या हवालदारांनी यादी वाचली आणि श्रिंपवर थांबले. 'एक कोळंबी अठ्ठावीसशेला? अहो काका, गणेश पेठेत किलोनं मिळते.' शेजारचा हसला. मी समजावत होतो की ही खायची नसते. मग विचारलं, माल मिळाला का? मिळाला. पैसे तुम्हीच दिले का? मीच. 'मग ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' अहो, दगड म्हणून रंगवलेलं सिमेंट विकलंय! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम कशासाठी आहे? त्यांनी अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारला, गुन्हा काही नोंदवला नाही. दुसऱ्या साहेबांनी कागदावर 'कोरल रॉक' हा शब्द पाहिला आणि चेहराच बदलला. 'कोरल? ते वन्यजीवात येतं. तुमच्या घरी कसं आलं?'

बरोबर आहे, येतं. २००१ पासून रीफ बांधणारी सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा दगड कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अडकाल तुम्ही. मग मला वन विभागाच्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या बाईंनी तुकडा नखानं खरवडला आणि म्हणाल्या, 'हे सिमेंट आहे. यात आमचं काय?' म्हणजे दगड खरा निघाला असता तर मी आरोपी, खोटा निघाला म्हणून कुणाचाच नाही! दोन कार्यालयांच्या मध्ये पिशवीत सिमेंट घेऊन फिरणारा माणूस. बँकेनं तर एका ओळीत उडवलं: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. सायबरवाल्यांचं म्हणणं, समोरासमोर भेटून केलेला सौदा आहे, यात सायबर काय? पैसे यूपीआयनं गेलेत हे सांगितलं तर म्हणे, हल्ली भाजीचेही जातात. आणि सगळे वर हे विचारणारच: 'एवढे पैसे माशांवर?' माझे पैसे मी माशांवर घालवीन नाही तर कबुतरांवर, चोराला सोडायचं कारण होतं का ते?

एवढं फिरल्यावर कळलेलं सांगतो. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता तेव्हाच असते. चौकीत गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना टपालानं लेखी पाठवा, पोच जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथं विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. माझ्याकडच्या कार्डावरच्या पत्त्यावर केशकर्तनालय आहे. न्हावी बिचारा म्हणाला, तुमच्यासारखे आणखी येऊन गेलेत.

आणि कुणी 'सायकल झालेली' टाकी देत असेल तर त्याला सांगा, 'माझ्यासमोर अमोनिया दोन पीपीएम (दहा लाख भागांत दोन) होईल एवढा टाका, उद्या याच वेळी मोजू.' चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट चढलं, तरच पैसे. किट त्याचं नको, तुमचं, आणि थेंबही तुम्हीच टाकायचे. आटलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरा असं म्हणणारा तर तिथंच ओळखा. मीठ आटत नाही, भर गोड्या पाण्याची घालायची असते.

परवा एका ओळखीच्यानं नव्या नंबरावरचं स्टेटस पाठवलं. दुसरं नाव, तेच पॅकेज, आता १,३५,००० ला. 'कस्टमर टँक, सिंहगड रोड' म्हणून खाली फोटो. जांभळा दगड, दोन क्लाउन, आणि टाकीमागे आमच्या दिवाणखान्याचा पडदा.