हातशिलाईची गोधडी, वीस वर्षांच्या वापरानंतर: सगळं दोऱ्यावर येऊन ठेपतं

माप पावणेसात बाय चार फूट. आत एका जुन्या नऊवारी लुगड्याच्या चार घड्या, वर ठिगळांची जोड, खाली अस्तर म्हणून नागपूरच्या एम्प्रेस मिलचं जाड पांढरं कापड. शिलाई एकेरी सुती दोऱ्याची. यंदा लाँड्रीत दिली, तिथे मशीनमध्ये पिळली गेली आणि मधल्या दोन वीत जागेतले टाके उसवून आले. "जुनी झाली होती" एवढंच उत्तर मिळालं. हे मान्य नाही. कापड आजही ओढून फाटत नाही, तुटला तो दोरा. ओली गोधडी जड होते आणि मशीन गरागरा फिरवते, तेव्हा तो सगळा भार टाक्यांवर येतो.

पहिलं मत हेच झालं, की शिवतानाच पॉलिस्टरचा दोरा वापरायला हवा होता. उसवलेला भाग नीट पाहिल्यावर ते मत सोडलं. एका कोपऱ्याची दुरुस्ती पूर्वी पॉलिस्टरच्या दोऱ्याने झाली आहे. तिथला दोरा शाबूत आहे, पण सुईच्या भोकांच्या रेषेत लुगडं चिरलं आहे. जुन्या सुती कापडापेक्षा दोरा चिवट असला, की प्रत्येक ओढीला तो कापडच कापतो. सुती दोरा तुटतो, कापड वाचतं. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, चिरलेलं लुगडं कुठून आणणार?

दोरा मोजून घ्यावा. ओळींमध्ये दीड सेंटीमीटर अंतर धरलं तर या मापाला सुमारे १७० मीटर शिलाई होते. सहा थरांत वरखाली जाताना तो जास्त लागतो, म्हणून २०० मीटर हाताशी असावा. सुईत एका वेळी हातभरच ओवावा. लांब दोरा थरांतून घासत जातो, त्याचे पीळ सुटतात आणि पुढे तो नेमका तिथेच तुटतो.

शिलाई काठाकडून आत, चौकोनात चौकोन अशी आहे. यात ढिलं कापड मध्ये सरकत जातं आणि शेवटी फुगा येतो. या गोधडीत तो आहे, आणि टाकेही तिथूनच सुटले. आधी जमिनीवर पसरून मधून काठाकडे लांब कच्चे टाके घातले असते तर तो टळला असता. अस्तरही कोरं लावलेलं दिसतं. लुगडं धुऊन धुऊन आधीच आटलेलं, अस्तर नंतर आटलं, म्हणून काठाला चुण्या. नवं कापड रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवूनच लावावं. १८७७ पासूनची ती एम्प्रेस मिल आता बंद आहे. नागपुरातल्या गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या मांजरपाटाचं ठिगळ लावतानाही हाच नियम.

उबेबद्दल तक्रार नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी पुरते.

धुणं घरीच, टबात पायाने तुडवून. पिळायची नाही, एका काठाला धरून उचलायचीही नाही. पाणी निथळलं की बाजेवर आडवी पसरावी, उलटी बाजू वर. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात लवकर वाळते, पण तेच ऊन दिवसभर लागलं तर रंग उडतो आणि सूतही कमजोर होतं. खळ अजिबात नको, पावसाळ्यात ठेवणीत कसर लागते.

दुरुस्ती सुरू आहे. उसवलेल्या जागेपासून चार बोटं मागे, घट्ट टाक्यांपासून नवा सुती दोरा घेतला आहे, गाठ थरांच्या आत.