पिकअपचे टो मिरर : कारखान्यातून आलेले, वरून चढवायचे की बदलून बसवायचे?

अमेरिकेत नवा पिकअप घेणारा ग्राहक इंजिन, मागच्या हौद्याची (बेडची) लांबी आणि ओढण्याची क्षमता यांवर आठवडेच्या आठवडे खल करतो. बाजूच्या आरशांची आठवण मात्र त्याला बहुधा पहिला ट्रेलर जोडल्यावरच होते. वास्तविक या बाबतीत निर्णय कधी घेतला याला किमतीइतकेच महत्त्व आहे, कारण गाडी मागवताना टोइंग पॅकेजबरोबर, म्हणजे ओढण्याच्या सोयींच्या संचाबरोबर, सहज मिळणारा टो मिरर (रुंद ट्रेलरच्या कडेने मागचे दिसावे म्हणून जास्त बाहेर येणारा बाजूचा आरसा) नंतर बसवायचा म्हटले की वायरिंग, रंग आणि सॉफ्टवेअर या तिन्ही बाजूंनी खर्च वाढत जातो. पुढील तुलना फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रा यांसारखा हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सर्वांत हलक्या, वर्गातील पिकअप नुकताच घेतलेल्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या आणि त्यामागे ट्रॅव्हल ट्रेलर (प्रवासात राहण्याची सोय असलेला ट्रेलर) जोडू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी आहे.

आरसे खरोखर लागतात का, हे ट्रेलरच्या वजनावरून नव्हे तर रुंदीवरून ठरते. या वर्गातल्या पिकअपची बॉडी साधारण ८० इंच रुंद असते आणि नेहमीचे आरसे धरून ती रुंदी सुमारे ९६ इंचांपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत जाते. ट्रॅव्हल ट्रेलर बहुतांशी आठ ते साडेआठ फूट रुंद असतात. राष्ट्रीय महामार्गांवर वाहनाची कमाल रुंदी १०२ इंच धरली जाते, आणि मोठे ट्रेलर त्या मर्यादेच्या अगदी कडेपर्यंत बांधलेले असतात. यातील फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु त्याचा परिणाम अंतरागणिक वाढत जातो. ट्रेलर १०२ इंचांचा असेल तर त्याची बाजू गाडीच्या मध्यरेषेपासून ५१ इंचांवर येते, तर आपल्या आरशाची बाहेरची कड ४८ इंचांवरच संपते. ट्रेलरचा पुढचा कोपरा आरशापासून सोळा फूट मागे आहे असे धरले, तर आरशातून त्या कोपऱ्याला चाटून मागे जाणारी दृष्टिरेषा दर फुटाला बाहेर सरकत जाते आणि दोनशे फुटांवर मध्यरेषेपासून सात फुटांपलीकडे पोचते. महामार्गाची लेन १२ फुटांची, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे सहा फुटांची असते. याचा अर्थ, आपल्या मागची आपलीच लेन पूर्णपणे दिसेनाशी होते आणि शेजारच्या लेनचीही आतली एक फुटाची पट्टी हातची जाते. हाच आरसा प्रत्येक बाजूला पाच इंच बाहेर आला, की दृष्टिरेषा ट्रेलरच्या बाजूने सरळ मागच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि त्यापुढे आत वळून आपल्या लेनची कडही दाखवू लागते. टो मिररचे सारे मोल या चार-पाच इंचांत आहे. काच किती मोठी आहे हा त्यानंतरचा प्रश्न.

दोनशे फुटांचा आकडा येथे सहज घेतलेला नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन्ही राज्यांच्या वाहतूक कायद्यांत चालकाला आरशातून मागचा रस्ता किमान २०० फुटांपर्यंत दिसला पाहिजे, अशी अट आहे. इतर राज्यांचे शब्द वेगवेगळे असल्याने आपल्या राज्याचा नियम आणि ज्या राज्यांतून प्रवास होणार आहे त्यांचेही नियम एकदा वाचून घेणे इष्ट.

याच हिशेबाने काहींना टो मिररची मुळीच गरज नसते, हेही स्पष्ट केले पाहिजे. येथल्या मराठी मंडळांतील स्वयंसेवक गणेशोत्सवाचे मखर, पडदे आणि ध्वनियंत्रणा हॉलपर्यंत नेण्यासाठी सहा फूट रुंद पेटीचा बंद ट्रेलर भाड्याने घेतात. त्याची पेटी पिकअपपेक्षा अरुंद असल्यामुळे नेहमीच्या आरशांतून मागचे पुरेसे दिसते. पाच-सहा फूट रुंदीचे टिअरड्रॉप कॅम्पर (थेंबाच्या आकाराचे छोटे राहण्याचे ट्रेलर), छोटी नाव, बागकामाचा उघडा ट्रेलर यांचेही तसेच. एवढ्याच कामासाठी कोणी विक्रेता मोठ्या आरशांचे पॅकेज गळ्यात मारू पाहत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा.

रुंद ट्रेलर असणाऱ्यांपुढे तीन मार्ग उरतात. पहिला, कारखान्यातूनच बसवून आलेले टो मिरर. प्रत्येक कंपनीने यात आपापली पद्धत ठेवली आहे: फोर्डचे आरसे दांडीवर बाहेर सरकतात, तर रॅमचे एरवी आडवे असलेले आरसे ट्रेलर जोडल्यावर वर उचलून उभे करता येतात. सिल्व्हराडो आणि टुंड्रा यांनाही असे आरसे मिळतात, मात्र ते कोणत्या ट्रिमला (मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीला) आणि कोणत्या पॅकेजबरोबर मिळतील, हे वर्षागणिक बदलते. या आरशांचे खरे बळ ते गाडीचाच भाग असण्यात आहे. वरची मोठी सपाट काच बटणाने वळते, काच तापवून दव आणि बर्फ घालवता येते, वळणाचा दिवा व ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या जागेतल्या गाडीचा) इशारा जागच्या जागी राहतो, आणि आरशाखालचा कॅमेराही पडद्यावरच्या चारही बाजूंच्या चित्रात आपला वाटा देत राहतो. वजन दाराच्या आतल्या मजबूत भागावर पडत असल्याने ताशी ६५ मैलांच्या वाऱ्यातही प्रतिमा स्थिर राहते, आणि माझ्या मते कोणत्याही आरशाची खरी परीक्षा हीच आहे.

त्यांचे तोटे ट्रेलर नसतानाच्या दिवसांत जाणवतात, आणि बहुतेक कुटुंबांच्या वर्षातले बहुतेक दिवस तसलेच असतात. आत घेतलेल्या स्थितीतही हे आरसे साध्या आरशांपेक्षा बाहेर येतात. आठ फुटी गॅरेज-दार म्हणजे ९६ इंच. साध्या आरशांनीही तेथे गाडी आत घेताना श्वास रोखावा लागतो, आणि टो मिरर तर दुमडावेच लागतात. नऊ फुटी दारातही फारशी उसंत मिळत नाही. म्हणून गाडी मागवताना आरसे बटणाने दुमडतात की हाताने, हे विचारून घ्यावे. हाताने दुमडायचे असतील तर पावसाळी सकाळी उजव्या दारापर्यंत फेरी मारायची तयारी हवी. वाऱ्याचा आवाज थोडा वाढतो, आणि उभट आरशामागे चौकातला पादचारी क्षणभर झाकला जाऊ शकतो. हा शेवटचा मुद्दा जाहिरातींत कधी येत नाही, परंतु बुटक्या चालकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. घरात गाडी चालवणारे दोघे असतील, तर दोघांनीही डीलरकडे आपापल्या आसनस्थितीत बसून पाहावे.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ आरशावर वरून चढवायचे आरसे, आणि यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक, कोणत्याही गाडीला चालणारा, पट्ट्याने किंवा पकडीने आवळायचा आरसा. दुसरा, ठरावीक मॉडेलच्या आरशाच्या कवचाचा साचा घेऊन बनवलेला आणि त्यावर घट्ट बसणारा. सीपा आणि के-सोर्स या कंपन्यांचे असे मॉडेलनिहाय आरसे अमेरिकेत सहज मिळतात. पकडीच्या प्रकारात ब्रिटनच्या मिलेन्को कंपनीचे नाव आहे. किमतीतला फरक थोड्याफार डॉलरांचा असतो, उपयोगातला मात्र फार मोठा. पट्ट्याचा आरसा गावातल्या वेगाला ठीक दिसतो, पण महामार्गावर शेजारून ट्रक गेला की थरथरतो, आणि थरथरत्या काचेत मागची गाडी जवळ येत आहे की तेवढ्याच अंतरावर आहे, याचा अंदाज येत नाही. साच्याचा आरसाही कारखान्याच्या आरशाइतका स्थिर नसतो, परंतु वर्षातून दोन-चार सहलींपुरता तो पुरेसा ठरतो, आणि ट्रेलर सोडला की काढून आसनामागे ठेवता येतो.

हे आरसे घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये ट्रिमनुसार आरशाचे कवच वेगवेगळे असू शकते, त्यामुळे केवळ मॉडेल व वर्ष सांगून मागवलेला आरसा बसेलच असे नाही. त्याचप्रमाणे तो बसल्यावर वळणाचा दिवा किंवा खालचा कॅमेरा झाकला जातो का, हे पाहावे. गाडी कुलूपबंद करताना आरसे आपोआप दुमडण्याची सोय असेल तर प्रवासापुरती ती बंद ठेवावी. जादा वजन आणि लांबी घेऊन वळण्यासाठी ती मोटर बनवलेली नसते.

तिसरा मार्ग, मूळ आरसे काढून त्याजागी बाजारातले टो मिरर कायमचे बसवण्याचा, जुन्या पिकअपसाठी उत्तम आणि नव्यासाठी सर्वांत गुंतागुंतीचा आहे. जुन्या गाडीच्या आरशात दोन-चार तारा असत. आज त्याच कवचात काच वळवण्याची मोटर, हीटर, दिवे, इशारा आणि कॅमेरा असतो, आणि एकाच मॉडेलमध्येही सोयींनुसार जोडणीच्या पिनांची संख्या बदलते. स्वस्त जोडीत यांपैकी काहीतरी हमखास गळते; बहुधा कॅमेरा. फोर्डच्या गाड्यांत काही सोयी पुन्हा चालू करण्यासाठी हौशी मंडळी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर वापरतात, परंतु नव्या कोऱ्या गाडीच्या संगणकात हात घालणे सर्वांना रुचेल असे नाही. वॉरंटीविषयी मात्र अवाजवी भीती बाळगू नये : १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनी संपूर्ण वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला असेल तेव्हाच तिला हात वर करता येतात. दाराच्या वायरिंगचा बिघाड असेल तर हा वाद आपल्या अंगावर येणार, हे उघड आहे. कंपनीचे अस्सल टो मिरर नंतर बसवले तर हा धोका कमी होतो, पण खर्च सहज चार आकड्यांत जातो. गाडी लीजवर असेल तर या मार्गाचा विचारच करू नये.

काचेबद्दल थोडे. अमेरिकी नियमानुसार चालकाच्या बाजूचा मूळ आरसा सपाट असतो, तर उजव्या बाजूला बहिर्वक्र काच चालते आणि तिच्यावर वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ असल्याची सूचना कोरलेली असते. सपाट काच अंतर खरे दाखवते पण अरुंद दाखवते. बहिर्वक्र काच रुंद दाखवते आणि अंतराची फसगत करते. म्हणून दोन्ही काचा असलेला, वर सपाट व खाली बहिर्वक्र अशी रचना असलेला आरसा सर्वांत उपयोगी. वरून चढवायच्या आरशांत एकच काच असेल, तर ती सपाट घ्यावी आणि जवळच्या दृश्यासाठी मूळ आरशावर विसंबावे.

ट्रेलरच्या पाठीवर कॅमेरा लावून आरशांचा खर्च वाचवता येईल, हा विचार मोहक आहे, पण तो टिकत नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तरी बाजूच्या आरशांची अट तशीच राहिली आहे. गाडी मागे घेताना आणि थेट पाठीमागचे पाहण्यासाठी कॅमेरा फार चांगला. लेन बदलताना मात्र नजर पडद्याकडे वळवण्यापेक्षा आरशाकडे वळवणे लवकर होते, आणि वायरलेस चित्र तुटले तर हाताशी काही उरत नाही.

तेव्हा गाडी अजून मागवायची असेल आणि आठ फूट रुंद ट्रेलर घेण्याचे नक्की असेल, तर गॅरेजचे दार मोजून कारखान्याचेच आरसे घ्यावेत. मोठ्या चाकांवर किंवा क्रोमवर जाणारे पैसे येथे वळवले तरी हरकत नाही. गाडी दारात उभी असेल आणि ट्रेलर भाड्याचा किंवा सुट्टीपुरता असेल, तर साच्याचे चढवायचे आरसे घ्यावेत आणि पट्ट्यांचे अडीअडचणीलाच वापरावेत. गाडी घेऊन झाली आहे आणि आता दर महिन्याला ट्रेलर ओढायचा बेत ठरत आहे, अशांची अडचण खरी आहे. त्यांनी आधी एक मोसम चढवायच्या आरशांवर काढावा आणि मगच अस्सल टो मिररसाठी डीलरकडून कॅमेरा व इशारा चालू राहण्याची हमी लेखी घेऊन पैसे द्यावेत.